शुभवर्तमान आणि वेदवाक्य

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. दहावी १९९२ ची तुकडी.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. पंचवीसएक वर्षं कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला माईक देऊन दहा मिनिटं सांगायची, ही संयोजकांची चूक आहे आणि ती त्यांनीच भोगायची आहे. जेवणाला थोडा उशीर झाला तर आचाऱ्याला दोष देऊ नका.

"हल्लीची कॉलेजातली पोरं काय मानतात, कशावर विश्वास ठेवतात, त्यावर बोल," असं मला सांगितलं होतं. विषय सोपा वाटला. पण गेल्या महिन्यात तयारीच्या बैठकीत चहा पिताना आपल्या वर्गातला एकजण मला सहज म्हणाला, "तू म्हणालास म्हणजे आमच्यासाठी ते वेदवाक्यच होतं की रे." तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही. का ते पुढे सांगतो. तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याचं नाव घेणार नाही, त्यानेही हात वर करू नये.

आधी एक शब्द घेऊ. अकरावीला मी शहरातल्या कॉलेजात गेलो तेव्हा माझं इंग्रजी कसं होतं ते आपल्या इंग्रजीच्या सरांना ठाऊक आहे. (सर, त्यात तुमचा काहीच दोष नव्हता.) पहिल्याच आठवड्यात फिजिक्सचे प्राध्यापक म्हणाले, हे पुस्तक गॉस्पेल समजू नका, प्रयोग करून बघा. मला गॉस्पेल कळलं नाही. खोलीवर येऊन शब्दकोश उघडला. त्यात लिहिलं होतं, "शुभवर्तमान". म्हणजे हे पुस्तक शुभवर्तमान समजू नका? परीक्षेचं पुस्तक शुभ वर्तमान आहे असं कोण समजतं? दोन दिवस विचार करून मी नाद सोडला.

पुढे कळलं की इंग्रजीत त्या एका शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. एक, आनंदाची बातमी. दुसरा, ज्यावर शंका घ्यायची नाही असं वाक्य. मराठीने मात्र ही दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली आहेत. पहिल्याला आपण शुभवर्तमान किंवा सुवार्ता म्हणतो, आणि दुसऱ्याला वेदवाक्य, ब्रह्मवाक्य. त्यातही थट्टेला आपल्याकडे "बाबा वाक्यं प्रमाणम्" आहेच. माझं आजचं सगळं बोलणं या दोन शब्दांमधल्या फटीविषयी आहे. बातमी कधी वेदवाक्य बनते, आणि तशी बनली की तिचं काय होतं.

मूळ ग्रीक शब्द तर आणखी साधा. राजाकडून आलेली आनंदाची खबर. इ.स.पूर्व ९ मधला एक शिलालेख प्रिएने नावाच्या गावी सापडला आहे. त्यात रोमच्या ऑगस्टस बादशहाच्या जन्माला हाच शब्द लावला आहे. म्हणजे आपल्याकडे हलगी वाजवून दवंडी द्यायचे, तसलं काहीतरी. ख्रिस्ताच्या शिष्यांनी तो राजदरबारचा शब्द उचलला आणि एका सुताराच्या मुलाची गोष्ट सांगायला वापरला. तेव्हा ते धाडसच होतं.

आता गंमत बघा. ज्याला जग "अंतिम सत्य" या अर्थाने गॉस्पेल म्हणतं, ती शुभवर्तमानं एक नव्हेत, चार आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान. चौघांचं सगळंच काही जुळत नाही. दुसऱ्या शतकात एका विद्वानाने चारही एकत्र गुंफून सलग एकच गोष्ट तयार केली होती, आणि सिरियाकडच्या चर्चमध्ये ती बराच काळ वाचलीही जायची. तरी शेवटी चार वेगवेगळीच टिकली. मला यात आपला आजचा सकाळचा नाश्ता दिसतो. सरांच्या सायकलची हवा कुणी सोडली, याची चार जणांनी चार वर्तमानं सांगितली. चौघेही तिथे होते, चौघांनाही स्वतः पाहिलेलं आठवतं, आणि चौघांचाही आरोपी वेगळा आहे. सर मात्र शांतपणे पोहे खात होते.

आणि त्यांत लपवाछपवी नाही. मुख्य शिष्य पेत्र, ज्याच्या नावाने पुढे एवढी मंदिरं उभी राहिली, तो संकटाच्या रात्री कोंबडा आरवण्याआधी तीन वेळा म्हणाला की मी या माणसाला ओळखतच नाही. हे चौघांनीही लिहून ठेवलंय. थोमा म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. त्याला कुणी हाकलून दिलं नाही. बोट घाल, असंच सांगितलं. शुभवर्तमान असं असतं: आपल्याच माणसांची नामुष्की आत ठेवून सांगितलेली बातमी. हे लक्षात ठेवा, मला पुढे ते लागणार आहे.

हा परका विषय नाही बरं का. आपण सगळ्यांनी शाळेत "केवढे हे क्रौर्य" पाठ केली. बाई म्हणायला लावायच्या, आणि मागच्या बाकावरच्या दोघी दरवेळी रडायच्या. त्या कवितेचे कवी नारायण वामन टिळक. नावाआधी "रेव्हरंड" असायचं, ते आपण नुसतं वाचून पुढे जायचो. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ख्रिस्ताची गोष्ट अभंगात, ओवीत, कीर्तनात सांगितली. त्यांचं "ख्रिस्तायन" अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्याच लक्ष्मीबाई, "स्मृतिचित्रे"वाल्या. त्यांच्याही आधी १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने गोव्यात "ख्रिस्तपुराण" छापलं, तेही ओव्यांत.

आणि आपल्याच जिल्ह्यात, दौंडकडच्या केडगावला, पंडिता रमाबाई. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण त्यांना वाटायचं की बायबलचं मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, फार जड आहे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल नव्याने सोप्या मराठीत आणलं. ते छापायचं काम मुक्ती मिशनमधल्या, घराने टाकलेल्या बायकांनी केलं. खिळे जुळवण्यापासून. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. धर्म कुठलाही असो, मला यातली कळकळ शिक्षकाची वाटते. समोरच्याला कळलं पाहिजे, ही. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी "सुबोध बायबल" लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसईच्या त्यांच्या मासिकाचं नावच "सुवार्ता". २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आता कॅम्पसवर येतो. मी ज्या कॉलेजात शिकवतो तिथे ईशान्येकडची बरीच मुलं आहेत, नागालँडची, मिझोरमची. काही वर्षांपूर्वी गॅदरिंगच्या तालमीत त्यांची सातआठ मुलं-मुली गॉस्पेल गात होती. चार आवाज चार वाटांनी जायचे आणि एका जागी येऊन भेटायचे. त्यांच्या हातात वह्या होत्या, त्यांत डो-रे-मीची नुसती अक्षरं. घरी लहानपणापासून असंच शिकवतात म्हणाली. बाहेर ढोलवाल्या मुलांचा नंबर पुढचा होता, ती कंटाळून आत आली. त्यांच्यात आपल्या मुळशीतलाच एक पोरगा होता, सप्ताहात पखवाज वाजवणारा. तो पाच मिनिटं ऐकत उभा राहिला आणि मला म्हणाला, "सर, हे तर आपल्यासारखंच आहे. एकाने म्हणायचं, मागच्यांनी उचलायचं." त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण त्याने बरोबर नाडी पकडली.

कारण ते गाणं आलंच तिथून. अमेरिकेतल्या गुलामांनी शेतात आणि प्रार्थनेत गायलेल्या गाण्यांतून. १८६६ मध्ये नॅशव्हिलला सुटलेल्या गुलामांसाठी फिस्क नावाचं कॉलेज निघालं. पाच वर्षांत पैसे संपले. तेव्हा कॉलेजच्या खजिनदाराने १८७१ मध्ये नऊ विद्यार्थी घेतले आणि गावोगाव गात फिरायला निघाला. त्यांतले बहुतेक जन्माने गुलाम. १८७३ मध्ये ती मुलं इंग्लंडच्या राणीसमोर गायली, आणि मिळालेल्या पैशांतून कॉलेजची पक्की इमारत उभी राहिली. त्याच १८७३ मध्ये इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" छापलं आणि ते गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. दोघांना एकमेकांची खबर असायचं काही कारण नाही. पण मला हे एकाच वर्षाचं कोडं फार आवडतं. मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. मेकॅनिकलच्या मुलांना. त्यांनाही कोडंच पडतं की हे सर काय शिकवतायत.

पुढे १९३० च्या आसपास शिकागोत थॉमस डॉर्सी नावाच्या पियानोवाल्याने या गाण्याला आजचं गॉस्पेलचं रूप दिलं. तो आधी ब्लूज वाजवायचा, म्हणजे बारमधलं गाणं. चर्चवाल्यांनी नाकं मुरडली. फडावरचा ढोलकीवाला काकड आरतीला वाजवायला आला तर आपल्याकडे काय झालं असतं, तसं. १९३२ मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं, आणि त्या दुःखात त्याने जे गाणं केलं तेच गॉस्पेलमधलं सगळ्यात गाजलेलं गाणं. शुभवर्तमान म्हणतात ते असं घरातून निघालं.

मग ते सिनेमात आलं, नाटकात आलं, जाहिरातीत आलं. "गॉडस्पेल" नावाचं प्रसिद्ध संगीत नाटक तर एका कॉलेजच्या पोराने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी लिहिलं होतं, १९७० साली, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. आपली पोरं प्रबंध कसे लिहितात ते मी इथे बोलत नाही. आणि ज्या कार्नेगीच्या नावाचं ते विद्यापीठ, त्याचा संपत्तीविषयीचा १८८९ चा निबंध "गॉस्पेल ऑफ वेल्थ" म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे शब्द एव्हाना देवळातून बाजारात पोचला होता.

आपल्या शेजारी हिंजवडीत तर तो व्हिजिटिंग कार्डावर आहे. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, कार्ड दिलं. हुद्दा काय, तर "डेव्हलपर इव्हँजेलिस्ट". याचं मराठी सरळ "सुवार्तिक". आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, पोरगा पाद्री झाला का? मी म्हटलं, नाही काका, सॉफ्टवेअरचा प्रचार करतो. काका म्हणाले, मग तेच की. ॲपल कंपनीत ऐंशीच्या दशकात गाय कावासाकी वगैरे मंडळींनी हा हुद्दा रूढ केला, आणि आता सगळीकडे आहे.

हल्ली कॅम्पसवर तीन प्रकारची वेदवाक्यं चालतात असं मला दिसतं. प्लेसमेंटवाल्यांची, रीलवाल्यांची आणि सीनिअर मुलांची. त्यांत सगळ्यात जोरात सीनिअरचं. "ह्या सरांचं लेक्चर करू नको", "ही भाषा शिकलास तरच नोकरी", "कोडिंग येत नसेल तर कोअर ब्रँच विसर". दरवर्षी नव्या मुलांच्या स्वागताला स्टीव्ह जॉब्जचं २००५ चं स्टॅनफर्डचं भाषण दाखवतात. त्या भाषणात तो माणूस कॉलेज सोडल्याचं सांगतो, स्वतःच्याच कंपनीतून हाकलल्याचं सांगतो, कर्करोगाचं सांगतो. पोस्टरवर मात्र शेवटचं वाक्य तेवढं उरतं. मधला माणूस गळून जातो.

आणि आता तिसरी रांग.

२००३ साली आपल्याच शाळेच्या स्नेहसंमेलनाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. वय सत्तावीस. आपल्या तुकडीतला पहिला इंजिनिअर. फेटा बांधला, नारळ दिला. समोर मुलं, मागे पालक, आणि भिंतीला टेकून आपलेच दोघंतिघं वर्गमित्र. मी जे बोललो ते मला अजून आठवतं. म्हटलं, दिवस बदललेत. आपण दहावी झालो तेव्हा शेजारी बालेवाडीच्या क्रीडासंकुलाचं काम चालू होतं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा आपण कुंपणाबाहेरून पाहिल्या. आता हिंजवडी उभी राहिली, आता कुंपणाच्या आत जायचं. कॉम्प्युटर शिका. जमीन काय, राहिली काय आणि गेली काय, डोक्यात आहे ते कुणी नेत नाही. टाळ्या पडल्या. मलाही छान वाटलं.

भिंतीला टेकलेल्यांतल्या एकाचा धाकटा भाऊ तेव्हा अकरावीत होता. वडील नव्हते, घर याच्याच खांद्यावर. पुढच्या वर्षी त्याने नदीकडची वीस गुंठे विकली आणि भावाला एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटरला घातलं. मला विचारलंही नाही. विचारायचं काय, मी सांगितलंच होतं. भाऊ २००८ मध्ये पास झाला. त्या वर्षी अमेरिकेत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. हिंजवडीत मुलांना पत्रं मिळाली आणि रुजू होण्याच्या तारखा मिळाल्या नाहीत. पोरगा दोन वर्षं रात्रपाळीत फोन उचलत बसला. आणि इकडे त्या वीस गुंठ्यांच्या आसपास काय उभं राहिलं ते येताना तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. २०२१ मध्ये आपलं महाळुंगे महापालिकेत गेलं. तिथे आता गुंठ्याचा भाव कुणी मोठ्याने बोलत नाही.

मी त्या दिवशी खोटं बोललो नव्हतो. पण मी अर्धंच बोललो होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझे दोन विषय राहिले होते, एटीकेटीवर पुढे गेलो, हे मी सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षाची फी भरायला घरी पैसे नव्हते, ती आपल्या शाळेतल्या एका सरांनी भरली, आणि ते आज इथे बसले आहेत, हे सांगितलं नाही. १९९८ मध्ये मला नोकरी लागली ती मी हुशार म्हणून नव्हे. सन २००० आलं की कॉम्प्युटर बंद पडतील या भीतीने कंपन्या मिळेल त्याला घेत होत्या, मेकॅनिकलवाल्यांनाही. आणि चार वर्षांत तिथे माझं काही खरं नव्हतं म्हणून मी शिकवायला आलो. यातलं एक वाक्यसुद्धा त्या भाषणात नव्हतं. फेटा बांधल्यावर एटीकेटी आठवत नाही.

पेत्राचा कोंबडा चौघांनी लिहून ठेवला. माझा मी गाळला. माझं शुभवर्तमान तिथे वेदवाक्य झालं, आणि ज्याने ते तसं ऐकलं त्याला मी दोष देऊ शकत नाही.

बैठकीनंतर मी त्याच्या घरी गेलो. हे सगळं त्याला सांगितलं, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जमीन विकायचं मी ठरवलं, तू नाही. पण दोन विषय राहिले होते हे सांगितलं असतंस ना, तर भाऊ पहिल्या वर्षी नापास झाला तेव्हा मी त्याला एवढा मारला नसता." मला वाटलं होतं तो जमिनीचं बोलेल. त्याच्या वहिनीने चहा आणला. भाऊ घरात नव्हता, कामावर गेला होता. आता त्याचं बरं चाललंय, पण ते त्याचं त्याने सांगायचं.

तर ठरलं असं आहे. आपल्या तुकडीतर्फे दहावीच्या मुलांसाठी शाळेत एक कार्यक्रम करायचा. मुख्याध्यापकांनी होकार दिलाय. पहिल्यांदा धाकटा भाऊ बोलणार. मग आपल्यातली एक मैत्रीण, जिने बारावीनंतर शिक्षण सोडून रोपवाटिका काढली. मग जमीन न विकलेला एकजण, त्याचंही सगळं सुरळीत नाही. मी सगळ्यात शेवटी, पाच मिनिटं. आणि मुलांना हवं ते विचारायची मुभा, पगारासकट.

तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी एकच अट घातली आहे. फेटा नाही, नारळ नाही, आणि दुसऱ्या वर्षाची मार्कशीट मी सोबत आणायची, झेरॉक्स नको, मूळ प्रत. शोधली. आईच्या ट्रंकेत सापडली, रेशनकार्डाच्या खाली. आणतो.